धूर येतोय का

"हेल्मेट कुठाय?" सत्तारभाईंनी विचारलं.

"गाडीला अडकवलंय."

"आणा आधी. पाय घरी ठेवून चप्पल घ्यायला आलात का?"

मी बाहेर जाऊन हेल्मेट आणलं. जामखेडच्या बाजारपेठेत कापडाच्या दोन दुकानांच्या मधे त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. रुंदी एवढीच की हात पसरले तर दोन्ही भिंती लागाव्यात. दुपारचे दोन वाजले होते. गिऱ्हाईक मी एकटी. सत्तारभाई साठीचे असतील. काउंटरवर कोपर टेकून ते माझ्याकडे बघत होते. म्हणजे माझ्याकडे नाही, माझ्या चष्म्याकडे.

"नंबर?"

"उजवा नऊ, डावा साडेआठ. मायनस."

"आणि गाडी रोज किती?"

"साठ-सत्तर किलोमीटर. जास्तच कधी."

त्यांनी मान हलवली. गाडी कुणाची, बाई असून मोटरसायकल कशी, नवरा काय करतो, यातलं काही विचारलं नाही. या तालुक्यात हे न विचारणारा पहिला माणूस मी तेव्हा बघितला.

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते आणि गायी भरवायचे. कृत्रिम रेतन. एका संस्थेनं सहा महिन्यांचं शिक्षण दिलं, नायट्रोजनचा कॅन दिला आणि गावं वाटून दिली. कॅन गाडीच्या मागच्या सीटवर बांधायचा, त्यात रेताच्या कांड्या गार ठेवलेल्या. फोन आला की निघायचं. गाय पहाटे माजावर आली की त्या संध्याकाळपर्यंत भरवावी लागते, नाहीतर एकवीस दिवस थांबा. पहिल्या वर्षी लोक गोठ्यात यायचे ते गायीसाठी नाही, मला बघायला. बाई गायीत खांद्यापर्यंत हात घालते म्हणजे काय करते ते बघायला. तोंडावर 'मॅडम' म्हणायचे आणि वळले की 'ढापणी रेतनवाली'. मला ऐकू यायचं. नंबर डोळ्यांना होता, कानांना नव्हता.

त्या दिवसाच्या दोन महिने आधी खडी क्रशरच्या रस्त्यावर माझ्या डोळ्यात दगडाची कच गेली होती. चष्मा असूनही. चष्म्याच्या खालून वारा शिरतो आणि भोवऱ्यासारखा आतच फिरतो, हे चष्मेवाल्यालाच माहीत. नगरच्या डॉक्टरांनी सुईनं कच काढली आणि म्हणाले, नशीब, बुबुळाच्या कडेला होती. पुन्हा मधे लागली तर तो डोळा गेला समजा. चिठ्ठीवर लिहिलं, 'वाहन चालवताना डोळ्यांचे संरक्षण करावे.' कशानं करावे ते लिहिलं नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्याला त्या रस्त्यानं जायचं नसतं.

"वहिनी म्हणते, डोळ्यात बसवायच्या लेन्स घे," मी सत्तारभाईंना म्हटलं. "चष्माच जाईल. मग कुठलाही गॉगल चालेल."

"काम काय करता?"

मी सांगितलं.

"म्हणजे हात कुठं असतो दिवसभर?"

"गायीच्या आत."

"त्याच बोटानं लेन्स काढणार, घालणार. गोठ्यात साबण असतो?"

"पाणी असलं तरी नशीब."

"लेन्स विसरा," ते म्हणाले. "वहिनींना सांगा, सत्तार नाही म्हणाला. माझ्यावर ढकला."

त्यांनी मागच्या कपाटातून एकेक काढायला सुरुवात केली. काळा, तिरका, सिनेमातला वाटावा असा. मी चष्म्यावर लावून बघितला, तो चष्म्याच्या वरच अडकून बसला, गायीच्या पाठीवर बगळा बसावा तसा.

"शिवाय काळा," सत्तारभाई म्हणाले. "दिवस मावळला की काढणार. काढला की चिलटं. तुमच्या गायी काय सूर्य बघून माजावर येतात?"

"नाही."

"मग काच पांढरी. दुसरं, गॉगलमधेच नंबर बसवून द्या म्हणाल. दोन-तीन नंबर असता तर दिला असता. नऊ नंबर वाकड्या काचेत बसवला तर खड्डा असेल तिथं दिसणार नाही आणि दिसेल तिथं नसेल. पैसे घेतील, बसवून देणारे आहेत. मी नाही देणार."

"हेल्मेटची काच?"

त्यांनी माझं हेल्मेट उचलून उजेडात धरलं. पुढची काच ओरखड्यांनी पांढरी पडली होती.

"ही खाली करून समोरून ट्रक आला तर काय दिसतं?"

"एका दिव्याचे पन्नास."

"आणि थंडीत?"

"वाफ. मग काच वर करते."

"आणि वर केली की कच." ते खाली वाकले आणि एक खोकं बाहेर काढलं. "हे बघा. कारखान्यातली माणसं घालतात. चष्म्यावरून बसतो. कडेला स्पंज, मागे पट्टा. दिसायला बेडूक. चालेल?"

"मला कोण बघतंय," मी म्हटलं.

खोक्यात तसले पाच-सहा होते, प्रत्येकाचा घेर वेगळा. सत्तारभाईंनी मला स्टुलावर बसवलं. "गाडीवर बसता तसं बसा. हात पुढे. मान जाते तशी जाऊ द्या." समोर टेबलफॅन ठेवला, एकवर लावला. मग एका डबीत वाळू होती तीत त्यांनी उदबत्ती खोचली, पेटवली आणि फॅनच्या पुढ्यात ठेवली. धूर सरळ माझ्या तोंडावर यायला लागला.

"हे काय?"

"धूर शिरला तर धूळ शिरणार. लोक आरशात बघून गॉगल घेतात. आरशाला काय कळतंय?" त्यांनी पहिला गॉगल माझ्या तोंडावर धरला. "चष्मा नाकावर घट्ट बसू द्या. हां." मग कानामागचे केस बोटानं बाजूला केले, चष्म्याची काडी जरा उचलली, गॉगलचा पट्टा मागे ओढला, त्यावर हेल्मेट बसवलं. कपाळाच्या कडेनं अंगठा फिरवून स्पंज दाबला. "डोळे उघडे ठेवा. धूर येतोय का?"

येत होता. डाव्या बाजूनं. डोळ्याला झोंबलं.

"येतोय."

"नाकाजवळनं?"

"गालाजवळनं."

त्यांनी हेल्मेट काढलं, गॉगल काढला, दुसरा घेतला. तेवढ्यात माझा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडून पोराचा आवाज आला, "अन्साआजी बोलतीय, घ्या," आणि मग मोठ्यानं, फोनशिवायही ऐकू यावं असं:

"बाये, गाय पहाटपासून वरडतीय गं. दावं तोडाया आलीय."

अन्साबाई क्रशरच्या पलीकडे ढवळ्यांच्या वस्तीवर एकट्या राहायच्या. एक गाय आणि त्या. ती गाय दोन वेळा उलटली होती. उलटली म्हणजे भरवूनही गाभण राहिली नाही, पुन्हा माजावर आली. दोन्ही वेळा माझ्याच हातची.

"येते, आजी. दिवस मावळायच्या आत."

"तिसरी खेप हाय. ह्या खेपंला नाही राहिली तर व्यापाऱ्याला दावं धरून देणार हाय, सांगून ठिवते. मला म्हातारीला भाकड गाय पोसाया होत नाही. तुला बी शिव्या घालीन."

"घाला."

"आत्ताच घालते की, राहिल्यावर कशाला," असं म्हणून आजीनं फोन ठेवला.

सत्तारभाई हसले. दुसरा गॉगल त्यांनी हातात धरूनच ठेवला होता. कडेचा स्पंज बोटानं चाचपत म्हणाले, "हा बसायला पाहिजे." पुन्हा तसंच. काडी, केस, पट्टा, कपाळावरून अंगठा. या वेळी गालाचं हाडही त्यांनी दोन बोटांनी दाबून बघितलं, आंब्याची बाठ दाबून बघावी तसं. "हाड उंच आहे तुमचं. इथं फट राहते. धूर येतोय का?"

"येतोय," मी म्हटलं.

त्यांनी धुराकडे बघितलं. "बघू," म्हणाले आणि तिसरा काढला.

फोन पुन्हा वाजला. अण्णा. माझा थोरला भाऊ. त्याच्याकडेच मी राहायचे.

"शैले, कुठंयस तू?"

"जामखेडला. गॉगल बघतीय."

"कसला गॉगल?"

"गाडीवर घालायला."

"डोकं फिरलंय का? गाडीचं काय ठरलंय आपलं? पाच वाजता मिरजगावची माणसं येणारेत. गुरुजी स्वतः येणारेत. आज होय म्हणायचं आणि सुपारी फोडायची. तुझी वहिनी सकाळपासून राबतीय. साडेचारला घरात पाहिजेस. साडी नेसून."

"एक गाय आहे अण्णा."

"गाय मरू दे. शैले, चार वर्षांनी स्थळ आलंय. चार वर्षांनी. ऐकतीयस ना?"

तो इतका मोठ्यानं बोलत होता की सत्तारभाईंनी उगाच एक काच पुसायला घेतली. मी फोन बंद केला.

मिरजगावचे गुरुजी. पहिली बायको वारलेली, दोन मुलं. माणूस वाईट नव्हता. बघायला आले तेव्हा माझ्याशी चार वाक्यं बोलले. त्यांतलं एक मला अजून तोंडपाठ आहे: "चष्मा चालेल. गाडी आणि ते काम मात्र नाही." अण्णानं मान डोलावली होती. जशी बैलाची खोड सांगून किंमत पाडतात आणि विकणारा कबूल करतो. मी तिथंच बसले होते, हातात पोह्यांच्या रिकाम्या बशा घेऊन.

"गाडी विकायचीय?" सत्तारभाईंनी काचेकडे बघत विचारलं.

"ठरलंय म्हणतात."

"मग गॉगल कशाला?"

"माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं. सकाळी घरातून निघाले तेव्हा वहिनीला सांगितलं होतं, ब्लाउज आणायला चाललीय. शिंप्याच्या दुकानासमोरून गेले, थांबले नाही, आणि चष्म्याच्या दुकानापुढं स्टँड लावला.

"बघून तर ठेवू," सत्तारभाई म्हणाले. "बघायला काय जातंय. बसा."

तिसरा. येतोय का? येतोय. चौथा. त्यांनी कात्रीनं स्पंजाची बारीक पट्टी कापली आणि आतून चिकटवली. माझ्या हनुवटीला बोट लावून मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. "गाडीवर मागं बघता तेव्हा कुठं बघता? तसं बघा." चष्म्याची काडी कानावर दुखते का विचारलं. थोडी दुखते म्हटलं, तर ती काढून गरम करून वाकवली आणि स्वतःच्या हातानं परत माझ्या कानावर बसवली. हळू. "आता?"

"आता बरं आहे."

"धूर?"

"येतोय."

डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चष्म्याच्या खालून, गॉगलच्या आत, स्पंजाच्या कडेला साचत होतं. मला समोरचं काहीच दिसत नव्हतं, फॅनचा एक निळा गोल तेवढा. पाचव्या वेळी त्यांनी गॉगल काढला, चष्मा काढला, शर्टाच्या खिशातलं धुतलेलं फडकं काढून काच पुसली. आधी चष्म्याची, मग गॉगलची. चष्मा माझ्या नाकावर ठेवला. दोन्ही हातांनी, दोन्ही काड्या एकदम.

आई असं करायची. पदरानं पुसून. शाळेत जाताना, आणि पुढं मी गाडीवर जायला लागले तेव्हाही. 'आंधळे, ये इकडं' म्हणायची, चष्मा ओढून घ्यायची, पुसायची आणि नाकावर ठेवायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या सहा वर्षांत नगरच्या डॉक्टरांची सुई सोडली तर माझ्या तोंडाला कुणाचा हात लागला नव्हता. घरात पाच माणसं असूनही. हे मला त्या स्टुलावर बसेपर्यंत माहीत नव्हतं. गायींना हात लावायला माझ्याकडे हात होते, पण उलटं काही असतं हे मी विसरूनच गेले होते.

म्हणून मी खोटं बोलत होते. दुसऱ्या गॉगलपासून.

"धूर येतोय का?" त्यांनी सहाव्यांदा विचारलं.

"येतोय."

सत्तारभाईंनी फॅन बंद केला. मग डबी उचलून माझ्या पुढ्यात धरली. वाळूत काळी काडी उभी होती, बाजूला राखेचा बारीक सडा.

"ताई, उदबत्ती विझून बराच वेळ झाला."

मी गॉगलच्या आतून त्या काडीकडे बघत राहिले. राग आला. त्यांचा नाही. कुणाचा ते नीट सांगता येत नाही, पण अण्णाचं तोंड तेव्हा समोर असतं तर मी फोडलं असतं.

"कधी विझली?"

"तिसऱ्याला."

"मग पुढचे कशाला लावले?"

"तुम्ही येतोय म्हणत होता," ते म्हणाले आणि खोक्यातून दुसरा गॉगल वेगळा काढून ठेवला. "हा. हा पहिल्यांदाच बरोबर बसला होता. कोरडा साबण घ्या, आतून काचेवर फिरवा आणि फडक्यानं पुसा. वाफ धरणार नाही. स्पंज वर्षाला झिजतो. झिजला की या."

मी तो घातला, वर हेल्मेट. दारातून बाहेर पडताना ते म्हणाले, "गाय कुठं म्हणालात?"

"क्रशरच्या पलीकडे."

"सावकाश जा."

तेव्हा साडेतीन वाजले होते. बाजारपेठेच्या टोकाला रस्ता फुटतो. डावीकडे आमचं गाव, उजवीकडे क्रशर. मी तिथं थांबले नाही. थांबून विचार केला, मनात वादळ उठलं, असलं काही लिहिता येईल, पण झालं नाही. गाडी उजवीकडे वळली.

क्रशरच्या रस्त्याला नेहमीसारखं पांढरं धुकट होतं. ट्रकमागून ट्रक. कच गॉगलवर टिकटिक वाजत होती, तांदूळ पाखडताना सुपात वाजतात तशी. आत काही शिरलं नाही. एक कण नाही. पहिल्यांदाच मी तो रस्ता दोन्ही डोळे उघडे ठेवून गेले. पण अर्ध्या वाटेत दिसेनासं झालं. बाहेरून काच साफ होती. आत पाणी साचलं होतं, त्याला जायला फटच नव्हती. गाडी कडेला लावली, गॉगल काढला, पालथा करून झटकला, पुसला. पुन्हा घातला. पुन्हा दोन किलोमीटरवर तेच. असं तीनदा. कॅनच्या पिशवीत फोन वाजत होता. चार चाळीसला वाजला, पाचला वाजला, पाच दहाला वाजला. मग थांबला.

अन्साबाई दारात काठी टेकून उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "हे काय घातलंयस तोंडाला? गाय बुजंल की."

"गाय मागून भरवायची असते आजी. तोंड कुठं बघतीय ती."

"ते बी खरंच," त्या म्हणाल्या आणि गायीला धरायला पुढे गेल्या.

मी हात धुतले, कांडी काढली, गरम पाण्यात धरली. गाय शांत उभी राहिली. काम झालं. आजीनं चहा केला, तो आम्ही दोघी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून प्यायलो. "घरी कोण वाट बघत आसंल तुझी," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "आता नाही."

घरी पोचले तेव्हा ओसरीत सतरंजी गुंडाळून ठेवलेली होती. अण्णा काही बोलला नाही. पुढं सहा महिने बोलला नाही. वहिनीनं एकदाच म्हटलं, "गॉगल तरी धड घ्यायचा, बेडकासारखी दिसतीस." दिवाळीनंतर मी खर्ड्यात एक खोली भाड्यानं घेतली. तिथंच अजून आहे. गुरुजींनी त्याच उन्हाळ्यात दुसरीकडे लग्न केलं. बायको चष्म्याची नव्हती, गाडीची तर नव्हतीच.

अन्साबाईंची गाय उलटली नाही. कालवड झाली.

आणि मी दरवर्षी जामखेडला जायचे, स्पंज बदलायला. कधी स्पंज झिजलेला असायचा, कधी अगदी चांगला असायचा. सत्तारभाई बोटानं चाचपून बघायचे. स्टूल पुढे ओढायचे, फॅन लावायचे, वाळूत उदबत्ती खोचायचे. पेटवायचे कधी, कधी विसरायचे. काडी, केस, पट्टा, कपाळावरून अंगठा. "धूर येतोय का?" विचारायचे. मी येतोय म्हणायचे. तीनदा, चारदा. मग म्हणायचे, "आता नाही येत." ते फॅन बंद करायचे. चौदा वर्षं. त्यापलीकडे आम्ही एकमेकांना घरचं काही विचारलं नाही.

मागच्या वर्षी गेले तर काउंटरवर त्यांचा मुलगा बसला होता. दुकानाला काच लावलीय, आत गार हवा सोडलीय. भिंतीवर सत्तारभाईंचा फोटो नाही, त्यांच्यात लावत नाहीत. पण स्टूल नव्हतं, त्यावरून कळलं.

"गॉगल पाहिजे," मी म्हटलं. "चष्म्यावरून बसणारा."

तो मोबाइलमधे बघत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "साइझ? मीडियम का लार्ज?"

मी मीडियम सांगितलं.